मापाची वही

सिन्नर फाट्याला माझं दुकान, आठ बाय दहा.
त्यात एक मशीन, एक इस्त्री, आणि आत्ता सहा पुरुष.
काल नवज्योत पुन्हा हरली. सलग चौथी.
ओझरच्या पोरांनी लोण चढवला, तोही हाफटाइमच्या आत.

"गोरखला बसवा," निवृत्ती कोठुळे म्हणतात.
प्रेसमधून रिटायर झालेत, नोटा मोजल्यासारखे बोट ओलं करून मोजतात:
"अठरा चढाया. गुण चार. त्यातले तीन बोनस.
ह्याला चढाई म्हणायची, की जाऊन येणं?"

"मग काय अरिंगळ्यांच्या ऋतिकला घ्यायचं?" अत्तार उसळतो.
"केस कापायला आठशे रुपये देतो तो!
मध्यरेषा ओलांडली की आधी लोकांकडे बघतो, मग कोपऱ्याकडे.
कोपरा तोवर त्याचा घोटा धरून बसलेला असतो."

"आणि तो सुरगाण्याचा? गांगोडे?"
"डावखुरा आहे."
"मग?"
"बोलत नाही."
"चढाईत काय भाषण करायचंय? कबड्डी म्हणता आलं की झालं."
हसतात. माझी बॉबिन संपते.

मग सगळे धात्रक सरांवर येऊन अडकतात,
द्वारका सर्कलला गाड्या अडकतात तसे, हॉर्न वाजवत.
सर एका पोराला धड दोन मॅच देत नाहीत.
सर एकेकाला नको तितक्या मॅच देतात.
(दोन्ही वाक्यं कोठुळ्यांचीच.)
सर टाइमआउट घेतात आणि नुसते पाणी पितात.
"ब्याण्णव साली ह्याच सरांनी..." कोणीतरी सुरू करतो.
"ब्याण्णव साली माझं लग्न झालं. त्याचं आज काय?"

मला कोणी विचारत नाही.
जर्सीवर नंबर शिवणारी बाई चढाईचं काय सांगणार.
पण वही माझ्याकडे आहे.

गोरखच्या उजव्या गुडघ्याचं इलास्टिक मी तीनदा सैल केलंय.
जूनमध्ये चौदा इंच. आता साडेसोळा.
डाव्याचं अजून चौदाच.
बायकोला सांगू नका, म्हणाला.
पायरीवरून परत वळून म्हणाला, सरांनाही.

ऋतिकची छाती दोन इंच वाढली
तरी जर्सी मागतो जुन्याच मापाची, अंगाला चिकटलेली.
बाकी पोर वाईट नाही. शिलाई आगाऊ देतो.

गांगोडेला सात नंबर दिला
तेव्हा त्यानं जर्सी उलटी करून आतली बाजू पाहिली.
"टाके बारीक आहेत," म्हणाला.
एवढंच.
मी असते तर त्यालाच पाठवलं असतं पहिल्या चढाईला.
पण मी माणूस टाक्यांवरून ओळखते,
ते मॅटवर चालतं का, देव जाणे.

साडेनऊला शटर अर्धं ओढलं की सर येतात, वाकून.
तीच राखाडी पँट. "थोडी आवळून द्या."
वहीत लिहिलंय: मार्चात अडतीस, गणपतीत छत्तीस.
आज टेप चौतीसवर थांबली
आणि आम्ही दोघांनीही आकड्याकडे पाहिलं नाही.

"काय म्हणतात लोक?"
"लग्नसराई आहे, सर. ब्लाउजचं बोलतात."
सर हसले. हसताना पँट हातानं धरावी लागली.
दोरा दातानं तोडून मी विचारलं,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा:
"रविवारी कोण?"

सर जर्सींच्या गठ्ठ्याकडे बघत राहिले.
बाहेर पुण्याची एसटी गेली, काच हलली.
मग, गठ्ठ्यालाच विचारावं तसं,
"गोरखचा गुडघा किती झाला?"

मी काही बोलले नाही.
वही पाटावर उघडी ठेवली, ग च्या पानावर,
आणि इस्त्री बंद करायला आत गेले.

इस्त्री मघाशीच बंद केली होती.